ओहोटीचं औषध

शैलजाच्या ब्लाउजचे हूक लावायला मन्मथ बिराजदारला पहिल्यांदा पाच मिनिटं लागली होती. तो घामाघूम झाला होता आणि ती हसत होती. त्यानंतर अकरा वर्षं तो रोज सकाळी हे काम करत आला. डाळ मिलमध्ये चाळण्या दुरुस्त करणारे त्याचे जाडेभरडे हात वेणी घालायला शिकले, तिच्या कपाळावर विभूती लावायला शिकले, भाकरीचा घास केवढा केला म्हणजे तिचा जबडा दुखत नाही तेही शिकले.

त्यांना मूल नव्हतं. शैलजा उदगीरच्या एका दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. मेणाच्या हिरड्या करायच्या आणि त्यांत एकेक दात असा बसवायचा, की हसताना म्हाताऱ्या माणसाला तो आपलाच वाटावा. एकोणचाळिसाव्या वर्षी एका सकाळी तिची बोटं तासभर उघडेनात. सहा महिन्यांत मनगटं सुजली. वर्षभरात कोरणी हातात धरता येईना, आणि मालकांनी तिच्या जागी एक यंत्र आणलं.

हा वयाबरोबर येणारा झिजेचा संधिवात नव्हता. याला ऱ्हुमॅटॉइड म्हणतात. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच सांध्यांच्या आतल्या अस्तराला शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडतात. लढाई आवरा, असा हुकूम त्यांना कुठून तरी मिळायला हवा. तो मिळतच नाही. शैलजाने मिळतील ती सगळी औषधं घेतली. दोन काही महिने चालली आणि निकामी झाली. तिसऱ्याने फुप्फुसं धरली. मग मन्मथने मिलमधली पूर्णवेळ नोकरी सोडली, अर्ध्या दिवसाची घेतली, आणि उरलेला दिवस तिचे हात होऊन राहिला.

२०४३ साली शिनाण्यांची बातमी आली.

शिनाणे म्हणजे कोकणात समुद्रकाठच्या खडकांना चिकटून वाढणारे हिरवट कवचाचे शिंपले. अशा शिंपल्यांची भुकटी, माशांचं तेल, असल्या गोळ्या संधिवाताचे रोगी कितीतरी वर्षं घेत आले होते. कुणाला थोडा आराम पडे, कुणाला अजिबात नाही, आणि असं का ते सांगता येत नव्हतं. डॉ. वेधा केरकर नावाच्या संशोधिकेला त्याचं कारण सापडलं. ओहोटीला खडक उघडा पडला की शिनाणा आपलं कवच घट्ट मिटून घेतो. आतला प्राणवायू संपत जातो. त्या अवस्थेत स्वतःच्याच पेशींनी धुमाकूळ घालू नये म्हणून तो एक स्निग्ध रेणू तयार करतो. माणसाच्या पेशींनाही त्या रेणूची भाषा कळते. लढाई आवरा, हा हुकूम तोच.

पण शिनाणा उघडल्यापासून तासाभरात हा रेणू हवेने मोडतो. गोठवला, सुकवला, तेलात बुडवला, कॅप्सूलमध्ये भरला, तरी मोडतो. इतक्या वर्षांच्या गोळ्यांमध्ये होते ते त्याचे तुकडे. कारखान्यात केलेली नक्कल पेशींनी ओळखली नाही. जिवंत शिनाणे टाकीत घालून देशावर न्यावेत, तर भरती-ओहोटीचा ताल सुटताच दोन दिवसांत ते हा रेणू बनवायचं सोडून देत. औषध माणसाकडे येणार नव्हतं. माणसालाच औषधाकडे जायला हवं होतं. देवगडच्या दक्षिणेला शिरसवे नावाच्या खाडीवर केंद्र उभं राहिलं. रोज ओहोटीच्या शेवटी शिनाणे काढायचे, जागच्या जागी वाटायचे आणि अर्धी वाटी रस रोग्याने तिथेच प्यायचा. खोल्या मोजक्या असल्यामुळे सोबत्याला जागा नव्हती. गावातली भाड्याची घरंही श्रीमंत रोग्यांनी आधीच धरली होती.

मन्मथने अर्ज भरला. संपर्कासाठी स्वतःचाच नंबर दिला, कारण फोन त्याच्याकडेच असायचा. मिलमध्ये ही बातमी समजली आणि दुसऱ्या दिवशी त्याची थोरली बहीण गुरुबाई रिक्षा करून घरी आली.

"गळ्यात इष्टलिंग बांधून शिंपल्यातलं पिणार हाय का ही? आपल्या घरात अंडं तरी शिजलंय का कधी?"

शैलजा भिंतीला टेकून बसली होती. "अक्का," ती म्हणाली, "डाव्या तळहातावर लिंग धरून पूजा करायची, असं तुम्हीच मला शिकवलं ना? माझा तळहात उघडत नाही. सात वर्षं झाली. लिंग ठेवू कुठं?"

गुरुबाईने बराच वेळ तिच्या मुठीकडे पाहिलं आणि चहा न घेता ती निघून गेली. पुढे तिनं कधी हा विषय काढला नाही.

अर्ज मंजूर झाला आणि शैलजा शिरसव्याला गेली. पहिल्या महिन्यात तिचे फोन रडवे होते. रस घशाखाली उतरत नाही, उलटी होते, पुन्हा प्यावा लागतो. दुसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "आज मी नळ सोडला." चौथ्या महिन्यात तिनं फोन स्वतःच्या हातात धरला होता. आधी चेहरा हलला, छत दिसलं, मग तिचं हसू. "दिसतंय का? मी धरलाय. मी!"

"दिसतंय की," मन्मथ म्हणाला, आणि त्याला खरोखर फार आनंद झाला.

त्यानंतर तो तिला भेटायला गेला. एसटीच्या थांब्यावर ती उभी होती. त्याच्या हातातली पिशवी तिनं घेतली आणि पुढे चालू लागली. खोलीत तिनं भाकऱ्या थापल्या. त्याचं ताट वाढलं. तिची शेजारीण, वाशीमच्या इंगोले बाई, पूर्वी एसटीत कंडक्टर होत्या, त्या दारातून डोकावून म्हणाल्या, "भाऊजी, आता तुमाले कामच नाई उरलं!" सगळे हसले. सकाळी मन्मथ जागा झाला तेव्हा शैलजाची अंघोळ झाली होती, वेणी झाली होती, ओहोटीला जायची तिची चप्पल दाराबाहेर तयार होती. तो खाटेवर बसून राहिला. तिचं काय कमी आहे, काय आणून द्यावं, हे शोधत त्याची नजर खोलीभर फिरली. काहीच कमी नव्हतं. मिलमध्ये काम निघालंय असं सांगून तो एक दिवस आधीच परतला.

ती एकदा पुतणीच्या लग्नासाठी उदगीरला आली. आठ दिवस हात ठीक होते. नवव्या दिवशी बोटं जड झाली, दहाव्याला सुजली. त्या रेणूचा मुक्काम शरीरात तेवढाच होता. बाराव्या दिवशी ती परत गेली आणि मग आलीच नाही. धोका कशाला घ्यायचा, असं दोघांचंही म्हणणं पडलं.

मन्मथ सकाळी साडेपाचला उठत राहिला, कारण तिला उठवायची वेळ ती होती. उठल्यावर काय करायचं ते सुचायचं नाही. तो चहा करी आणि उभ्या उभ्या पिई. स्वयंपाकाला एकट्यासाठी कशाला लागायचं म्हणून मिलच्या कॅन्टीनमध्ये जेवून येई. रविवारी कॅन्टीन बंद असे. मग दिवसभरात त्याचा आवाजही निघत नसे. संध्याकाळी तिचा फोन आला की पहिला शब्द घोगरा यायचा, आणि ती विचारायची, "झोपला होतात का?"

"हो," तो म्हणायचा. "जरा डोळा लागला होता."

अशी अडीच वर्षं गेली.

तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये समुद्र तापला. तसा तो दरवर्षी थोडा अधिक तापतच होता, पण या खेपेला खाडीच्या तोंडाशी पाणी तेहतीस अंशांवर गेलं आणि एकोणीस दिवस खाली उतरलं नाही. शिनाण्यांची कवचं उघडी पडली ती मिटली नाहीत. सगळा किनारा घाण वासाने भरून गेला. केंद्राने रोग्यांना घरी जायला सांगितलं.

मन्मथ बसस्थानकावर गेला. शैलजा उतरली तेव्हा तिची पिशवी कोपराला अडकवलेली होती. हात छातीशी धरलेले होते. ते पाहून त्याच्या आत काहीतरी उसळून वर आलं, आणि ते दुःख नव्हतं हे त्याला त्या क्षणीच कळलं. त्याने पटकन मान वळवून रिक्षाला हाक मारली.

घरी त्याने सगळं पुन्हा मांडलं. उंच कडांचं ताट, जाड मुठीचा चमचा. पण शैलजा पूर्वीची राहिली नव्हती. पूर्वी ती त्याच्या हातांत निमूट हात द्यायची. आता तो हूक लावताना ती श्वास रोखून भिंतीकडे बघत उभी राहायची.

"दुखतंय का?" तो विचारी.

"पहिल्यासारखंच दुखतंय. पण मधी अडीच वर्षं हात होते ना. त्याचं जास्त दुखतंय."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मिलमध्ये असताना त्याच्या फोनवर संदेश आला. वेंगुर्ल्याजवळ खोल पाण्यात नवी शेती सुरू झाली होती. तिथं पाणी थंड होतं, आणि शिनाणे लावलेले दोर यंत्राने ठरावीक वेळी वर उचलून त्यांना खोटी ओहोटी दाखवायची सोय होती. पहिल्या तुकडीत शैलजा बिराजदार यांना जागा देण्यात येत आहे. आठ दिवसांत होकार कळवावा. न कळवल्यास जागा पुढील रुग्णाला जाईल.

त्याने संदेश दोनदा वाचला. संध्याकाळी सांगू असं ठरवलं. घरी गेला तर शैलजाला ताप होता. बरी झाल्यावर सांगू असं म्हणाला. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी त्याने मनाशी म्हटलं, अजून पाच दिवस आहेत. चौथ्या आणि पाचव्या दिवशी त्याने मनाशी काहीच म्हटलं नाही. सहाव्या दिवशी तो मिलमध्ये चाळणीच्या आवाजात उभा राहिला आणि त्याला दिसलं, की हे आपण आज सांगणार नाही, उद्याही सांगणार नाही.

सातव्या दिवशी दुपारी तो तिला वरण-भात भरवत होता. बाहेर ऊन-पावसाचा खेळ चालला होता. तिनं दोन घास खाल्ले आणि अचानक म्हणाली, "एक बोलू? तिथं एक बाई होती, नवरा टाकून गेलेला. तिला आम्ही सगळ्या भरवायचो. तेव्हा मला कळलं, तुम्ही काय केलंय ते. इतकी वर्षं कधी माझ्या गालाला घास लागला नाही की अंगावर सांडला नाही."

त्याच्या हातातला घास थांबला. आत्ता, त्याला वाटलं. आत्ता सांग. त्याने घास तिच्या तोंडात दिला, पुढचा कालवला. आठवा दिवस गेला.

तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी मन्मथ तिचे केस विंचरत होता. फोन खाटेवर वाजला. पडद्यावर इंगोले बाईंचं नाव होतं.

"कोण हाय?" शैलजाने विचारलं.

तो फोन कापू शकला असता. चुकीचा नंबर म्हणू शकला असता. वाजणारा फोन हातात घेऊन तो उभा राहिला. बाई कुठून बोलत असतील आणि काय विचारतील ते त्याला ठाऊक होतं. त्याने फोन उचलून स्पीकरवर टाकला आणि शैलजाच्या पुढ्यात ठेवला.

"काय व शैला! अशी कशी गं तू? इथं मी तुयी वाट पाहून राह्यली, अन् हे लोक सांगतात बिराजदार बाईनं होकारच देल्ला नाई! तुयी जागा दिली ना दुसरीले. चंद्रपूरची हाये. का नाई म्हणली व?"

इंगोले बाई दोनदा हॅलो म्हणाल्या. मग शैलजा हळूच म्हणाली, "मी करते तुम्हाला फोन," आणि मन्मथने तो बंद केला. तिला तो बंद करता येत नव्हता.

"कधी आलं होतं?"

"सहा तारखेला."

"किती दिवस दिले होते?"

"आठ."

"तुम्ही विसरलात?"

हो म्हणायला वाट होती. तिनंच ती करून दिली होती. "नाही," मन्मथ म्हणाला. "रोज आठवण होती."

तिच्या अर्ध्या केसांची वेणी झाली होती, अर्धे मोकळे होते. ती तशीच बसून राहिली. आरडाओरडा केला नाही. तो समोर जमिनीवर बसला आणि बोलू लागला. तू आलीस तेव्हा मला बरं वाटलं, माझीच मला लाज वाटली, तिथं आलो तर तुझ्याजवळ मला करण्यासारखं काही नसतं, घरात एकटा... ती मध्येच म्हणाली, "पुरे."

दुपार झाली. स्वयंपाक त्याने केला. ताट घेऊन तो तिच्याजवळ गेला आणि उभाच राहिला. ज्या हाताने हे केलं त्याच हाताने जेवायचं, की उपाशी राहायचं, एवढ्या दोनच गोष्टी तिच्यापुढे होत्या. तिनं डोळे मिटले.

"भरवा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला पार्लरमध्ये न्यायला लावलं आणि केस मानेपर्यंत कापून टाकले. आता विंचरायला कुणाची गरज उरली नाही. जेवढी उरली तेवढी समोरच्या घरातली मुलगी कॉलेजला जाताना भागवून जाई.

मन्मथ वेंगुर्ल्याला गेला. तिथल्या डॉक्टरांसमोर हात जोडून म्हणाला, चूक माझी आहे, तिची शिक्षा तिला नको. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याला पाणी दिलं आणि खिडकीतून बाहेर दाखवलं. अंगणात पस्तिशीची एक बाई सुजलेल्या बोटांत वाटी धरायचा प्रयत्न करत होती. "चंद्रपूरच्या त्या याच. सांगा, यांना परत पाठवू?" मन्मथने नकारार्थी मान हलवली. शैलजाचं नाव पुढच्या यादीत लागलं. नंबर यायला अकरा महिने लागले.

त्या अकरा महिन्यांत शैलजा त्याच्याशी बोलली नाही असं नाही. लागेल तेवढं बोलली. पाणी, खिडकी, डावीकडे, बास. त्याने केलेलं सगळं तिनं करू दिलं, कारण इलाज नव्हता. एकदा अंघोळीनंतर तिचे पाय पुसताना तो रडू लागला. ती वर छताकडे बघत म्हणाली, "माझे पाय गार पडलेत. आधी पुसा."

जुलैमध्ये तो तिला वेंगुर्ल्याला पोचवायला गेला. फाटकाशी इंगोले बाई आल्या. त्यांनी शैलजाची पिशवी उचलली आणि मन्मथकडे पाहिलंच नाही. आत जाताना शैलजा वळली. "गाडी चुकेल तुमची," ती म्हणाली. त्याच्या गाडीला अजून तीन तास होते. तो निघाला.

पुढे तिचे फोन आले नाहीत. त्यानेही केला नाही. मिलमध्ये त्याने पुन्हा पूर्ण दिवसाचं काम धरलं. गुरुबाई एकदा डबा घेऊन आली, "बायको कशी हाय?" म्हणाली. "बरी आहे," त्याने सांगितलं, आणि ते खरं की खोटं हे आपल्याला माहीत नाही असं त्याला तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघताना वाटलं.

नोव्हेंबरात पोस्टाने पाकीट आलं. अलीकडे टपालाने कुणी पत्र पाठवत नसे. पोस्टमननेही ते उलटसुलट करून पाहिलं. आत वहीचा एक कागद होता. अक्षर लहान, टोकदार, ओळी सरळ. पंधरा वर्षांनी तो ते अक्षर बघत होता.

"हात बरे आहेत. इथला समुद्र मोठा आहे, आवाज फार येतो. रोज सकाळी वाटी संपवली की मला तुमचा राग येतो. बरा होत चाललेला हात बघितला की जास्तच येतो. अकरा महिने उगाच गेले असं वाटतं. इंगोले बाईंना सांगते तर त्या तुम्हाला शिव्या घालतात. मग मला त्यांचाच राग येतो. त्यांना तुम्ही ठाऊक नाही. तुम्ही कसे आहात आणि तरी असं केलंत, हे दोन्ही एकदम माहीत असलेलं माणूस इथं एकही नाही. म्हणून हे सगळं माझ्यापाशीच राहतंय. ते तुम्हाला तोंडावर सांगायचं आहे. एकदा येऊन जा. राहायला येऊ नका. माझं काही करायला येऊ नका. नुसतं ऐकायला या."

खाली सही होती. तारीख नव्हती.

मन्मथने पत्र वाचलं, घडी घातली, उघडून पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिल बंद, कॅन्टीन बंद. त्याने फोनला शनिवारचं वेंगुर्ल्याचं तिकीट काढायला सांगितलं. सकाळपासून तो एक शब्दही बोललेला नव्हता. आवाज इतका घोगरा निघाला की फोनला तो समजला नाही. त्याने खाकरून पुन्हा सांगितलं.

"परतीचं कधीचं काढू?" फोनने विचारलं.

मन्मथने पत्राच्या शेवटच्या ओळी पुन्हा पाहिल्या. मग म्हणाला, "त्याच संध्याकाळचं."